कवीच्या स्मारकाचा नाकारलेला आराखडा

कोल्हापूर शहरात पत्ता सांगावयाचा तर तो बहुधा एखाद्या पुतळ्याच्या आधाराने सांगितला जातो. शिवाजी चौकातील छत्रपतींचा अर्धपुतळा, कावळा नाक्यावरील अश्वारूढ ताराराणी, दसरा चौकातील राजर्षी शाहू महाराज, बिंदू चौकातील महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही या शहरातील नुसती शिल्पे नव्हेत, त्या शहराच्या चालीरीतीतील खुणा आहेत. यांपैकी बिंदू चौकातील पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. डॉ. आंबेडकर त्या वेळी हयात होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिवाजी चौकात पूर्वी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत तो जनतेच्या रोषास पात्र झाला आणि १९४५ मध्ये त्या जागी कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी घडविलेला छत्रपतींचा अर्धपुतळा आला. एका चौथऱ्यावरून एक पुतळा उतरणे आणि दुसरा चढणे यात त्या काळचा सारा इतिहास सामावलेला आहे.

राजा, सेनानी, समाजसुधारक यांचे स्मारक कसे असावे याविषयी लोकांच्या मनात एक चित्र ठरलेले असते. राजाला घोडा असतो, सेनानीच्या हाती तलवार असते, सुधारकाच्या हाती ग्रंथ असतो. कवीच्या बाबतीत मात्र अडचण उभी राहते. पन्हाळगड ही मोरोपंतांची जन्मभूमी. १७२९ साली तेथे जन्मलेला हा कवी पुढे बारामतीला गेला, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिला आणि १७९४ मध्ये कऱ्हेच्या काठी त्याची जीवनयात्रा संपली. मोरोपंतांचा पुतळा करावयाचा झाल्यास शिल्पकाराने काय करावे? छायाचित्राचा प्रश्नच नाही. पगडी, उपरणे, मांडीवर पोथी एवढे दाखविले म्हणजे तो पंडित झाला. आर्या रचणारा कवी झाला काय? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियनांचे रूप छायाचित्रांतून ठाऊक आहे. पण त्या चेहऱ्याचे ब्राँझ ओतल्याने त्यांची गझल प्रेक्षकाच्या कानी पडत नाही. कवीचे कर्तृत्व शब्दांत असते आणि शब्द हे शिल्पकाराचे माध्यम नव्हे.

स्मारक समित्यांना आणि शिल्पकारांना या अडचणीने वारंवार गाठले आहे. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला उपयोगी पडेल असे एक उदाहरण पॅरिस शहरात घडले. तेथे एका मोठ्या शिल्पकाराने आपल्या कवीमित्रासाठी स्मारकाचे आराखडे केले, समितीने ते एकामागून एक नाकारले, आणि जे स्मारक उभे राहिले ते दुसऱ्याच कलावंताचे होते. तरीही आज कलेच्या इतिहासात जागा आहे ती त्या नाकारलेल्या आराखड्याला.

कवी आणि त्याचा मित्र

गियोम अपोलिनेर हा कवी १८८० मध्ये रोम येथे जन्मला. आई पोलिश, भाषा फ्रेंच, कर्मभूमी पॅरिस. १९१३ साली त्याचा ‘अल्कोल’ हा काव्यसंग्रह निघाला आणि त्याच वर्षी घनवादी चित्रकारांवरील त्याचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. नव्या चित्रकलेची लोक टवाळी करीत असता तिची बाजू घेऊन लिहिणारा हा कवी होता. ‘सर्रिअलिझम’ हा पुढे जगभर गाजलेला शब्द १९१७ मध्ये त्यानेच प्रचारात आणला. कवितेच्या ओळी पावसाच्या सरींसारख्या, कारंज्यासारख्या किंवा हृदयाच्या आकारात मांडून त्याने ‘कॅलिग्राम’ हा प्रकार रूढ केला. आपल्याकडील चित्रबंधाच्या जुन्या काव्यपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला यात अगदीच परके काही वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात दाखल झाला. मार्च १९१६ मध्ये तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याच्या डोक्याला जखम झाली व कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून तो बरा झाला. परंतु १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याला गाठले आणि ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धबंदीच्या अवघे दोन दिवस आधी, वयाच्या ३८ व्या वर्षी तो मरण पावला. त्याच साथीने हिंदुस्थानातही लक्षावधी माणसे नेली, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

पाब्लो पिकासो हा त्याचा जुना जिवलग मित्र. तेव्हा मित्रमंडळींनी पेर लाशेझ स्मशानभूमीतील कबरीवर स्मारक उभारण्याचे ठरविले आणि त्यासाठी समिती नेमली, तेव्हा शिल्पकार कोण हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. पिकासोने काम पत्करले. निधी उभारण्यासाठी चित्रकारांनी आपली चित्रे विक्रीसाठी दिली. एवढ्यापर्यंत सारे आपल्या परिचयाच्या वळणाने झाले. अडचण पुढे आली.

ही अडचण खुद्द कवीनेच निर्माण करून ठेवली होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘हत्या झालेला कवी’ या कथेत एका कवीचा जमावाकडून खून होतो. त्याचा शिल्पकार मित्र त्याचे स्मारक करावयास निघतो. या पात्रामागे पिकासो आहे हे सर्वांना ठाऊक होते. हा शिल्पकार संगमरवर नाकारतो, ब्राँझही नाकारतो. तो रानात जाऊन जमिनीत खड्डा खणतो आणि त्या खड्ड्याच्या आत मृत कवीची आकृती पोकळीच्या रूपाने कोरतो. वस्तू कोणतीच नाही, नुसती रिती जागा. तेच कवीचे स्मारक. कथेतली ही कल्पना विनोदाने लिहिली की गांभीर्याने, यावर वाद होऊ शकेल. परंतु मित्राच्या मृत्यूनंतर स्मारकाचे काम हाती आले तेव्हा पिकासोला ती विसरता आली नसावी, असे त्याच्या पुढील कामावरून दिसते.

दोन नकार

काम लांबत गेले. वर्षामागून वर्षे गेली तरी शिल्पकाराकडून काही येईना. अखेरीस १९२७ मध्ये पिकासोने समितीपुढे रेखाटने ठेवली. समुद्रकिनाऱ्यावरील मानवी आकृती त्यांत होत्या. पण अवयव फुगवलेले, एकमेकांत घुसलेले, हाडे की दगड असा संभ्रम पाडणारे. समितीतील सभ्य गृहस्थांना ती चमत्कारिक आणि काहीशी अश्लील वाटली. दफनभूमीत कवीच्या कबरीवर असे काही ठेवणे त्यांना शक्य दिसेना आणि आराखडा नाकारला गेला.

पुढील वर्षी पिकासोने वेगळी वाट धरली. बार्सिलोनात तरुणपणी ओळख झालेला खुलिओ गोन्झालेझ हा धातुकाम करणारा कारागीर पॅरिसमध्येच राहत होता. त्याचे घराणे धातुकामाचे; वडिलांच्या कारखान्यात तो लहानपणीच लोखंड तापवावयास आणि ठोकावयास शिकला होता. १९१८ च्या सुमारास त्याने रेनॉ मोटार कारखान्यात काम केले व तेथे वायूच्या ज्योतीने धातू जोडण्याची, म्हणजे वेल्डिंगची कला आत्मसात केली. पिकासोला लोखंड जोडता येत नव्हते, गोन्झालेझला येत होते. ऑक्टोबर १९२८ मध्ये त्याच्या कारखान्यात लोखंडी तारा जोडून काही नमुने तयार झाले. उंची जेमतेम अर्धा मीटर. खाली लंबगोल व चौकोनी तारा, मधून तिरप्या जाणाऱ्या सरळ काड्या, वर लहानशी चकती. नीट पाहिले तर झोपाळ्यावर हात पुढे करून उभी असलेली व्यक्ती दिसते, नाही पाहिले तर भूमितीच्या पाठातील आकृती दिसते. मांसल असे त्यात काही नाही. पोकळीच्या भोवती ओढलेल्या रेषा तेवढ्या आहेत.

कवीच्या कथेतील रित्या जागेचे स्मारक शिल्पकाराने अशा रीतीने जमिनीच्या पोटातून वर काढले आणि हवेत उभे केले. आराखड्याचा अर्थ असा लावण्यास पुरेपूर आधार आहे आणि बहुतेक अभ्यासकांनी तो तसाच लावला आहे.

समितीने हेही नाकारले.

येथे समितीची थट्टा करणे सोपे आहे आणि पुष्कळांनी ती केलीही आहे. परंतु शासकीय वा सार्वजनिक काम केलेल्या वाचकाने समितीच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. निधी लोकांकडून आलेला. कवीची पत्नी हयात. जागा दफनभूमीची, जेथे शेजारच्या कबरीवर फुले वाहावयास माणसे येतात. अशा ठिकाणी तारांचा पिंजरा उभा करून हे आपल्या मित्राचे स्मारक आहे असे सांगण्याचे धैर्य नसणे हा गुन्हा नव्हे. दोष असेल तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. समितीने शिल्पकार निवडला तो त्याच्या नावासाठी आणि मैत्रीसाठी. त्याच्या हातून त्या काळात कसले काम बाहेर पडत आहे हे तिच्या डोळ्यांसमोर होते. समितीला पिकासो हवा होता, त्याचे शिल्प नको होते, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. आणि विरोधाभास असा की, ज्या कवीने नव्या कलेसाठी आयुष्यभर लेखणी झिजविली, त्याच्याच स्मारकाच्या वेळी नवी कला दारातून परत गेली.

अखेर १९३५ मध्ये त्याच मित्रवर्तुळातील चित्रकार सर्ज फेरा याने योजिलेला ग्रॅनाइटचा ओबडधोबड उभा दगड कबरीवर बसविण्यात आला. त्यावर अपोलिनेरची हृदयाच्या आकाराची कविता कोरलेली आहे. आपल्याकडील वीरगळाची आठवण करून देणारे हे स्मारक साधे आणि प्रसंगाला शोभणारे आहे. त्याला कोणी नावे ठेवलेली नाहीत.

पिकासोच्या मनातून मात्र विषय गेला नाही. ५ जून १९५९ रोजी पॅरिसमधील सँ-जर्मँ-द-प्रे या जुन्या चर्चलगतच्या लहानशा बागेत अपोलिनेरच्या स्मरणार्थ त्याने दिलेले ब्राँझचे मस्तक बसविण्यात आले. ते मस्तक कवीचे नव्हते. १९४१ मध्ये घडविलेले दोरा मार या स्त्रीचे ते मस्तक होते. मित्राच्या स्मारकाला भलत्याच व्यक्तीचा चेहरा! पण चाळीस वर्षे उलटून गेली होती आणि आता नकार देणारे कोणी उरले नव्हते. १९९९ मध्ये ते मस्तक चोरीस गेले, पुढे ते सापडले.

नाकारलेल्या नमुन्यातून काय निघाले

तारांचे ते नमुने शिल्पकाराने मोडले नाहीत. ते त्याच्याजवळ राहिले आणि त्यांची छायाचित्रे कलाविषयक नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. शिल्प म्हणजे दगडातून कोरलेले किंवा मातीत घडवून धातूत ओतलेले घनरूप, ही हजारो वर्षांची समजूत त्या छायाचित्रांनी हलविली. पन्नाशी ओलांडलेला गोन्झालेझ याच कामातून स्वतंत्र शिल्पकार म्हणून पुढे आला. लोखंडाने अवकाशात रेखाटन करावयाचे, ही कल्पना त्याने लेखातून मांडली. अमेरिकेत डेव्हिड स्मिथ या तरुणाने त्या दोघांच्या कामाची छायाचित्रे पाहिली आणि १९३३ मध्ये तो स्वतः लोखंड जोडून शिल्पे करू लागला. आज रस्त्याच्या चौकांतून, कारखान्यांच्या आवारांतून पोलादी पट्ट्यांची जी शिल्पे दिसतात, त्यांची वंशावळ मागे नेत गेल्यास ती पॅरिसमधील त्या कारखान्याशी येऊन भिडते.

या घटनेतील एक भाग कोल्हापूरच्या वाचकाला अधिक जवळचा वाटेल. नवे शिल्प जन्माला आले ते चित्रकाराची कल्पना आणि लोहाराचे कसब एकत्र आल्यामुळे. कोल्हापूरच्या कलेचा पायाही असाच घातला गेला. बाबूराव पेंटर हे १८९० मध्ये मेस्त्री घराण्यात जन्मले. वडील कृष्णराव सुतारकामात व लोहारकामात निष्णात. शाळेच्या शिक्षणापेक्षा घरातील हत्यारांनीच बाबूरावांना अधिक शिकविले. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत पुढे स्वतः कॅमेरा बनवितो, त्यावर चित्रपट काढतो आणि पुतळेही घडवितो, याचे इतरांना आश्चर्य वाटते. मेस्त्रीच्या घरात ते वाटण्याचे कारण नव्हते. याच परंपरेत रवींद्र मेस्त्री झाले. ताराराणींचा उसळत्या घोड्यावरील पुतळा त्यांचा. उद्यमनगरातील ओतशाळांत तेल इंजिनांचे आणि मोटारींचे भाग ओतणारे हात आणि पुतळे ओतणारे हात यांत कोल्हापुरात फार अंतर कधी नव्हते.

येथे आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने पुण्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे स्मारक करण्याचे ठरले आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले. काम राजाराम महाराजांनी पुढे नेले आणि जून १९२८ मध्ये विनायकराव करमरकर यांनी घडविलेल्या भव्य अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. अनावरण करणारे गव्हर्नर लेस्ली विल्सनच होते, ज्यांचा कोल्हापुरातील पुतळा पुढे हटला. म्हणजे पुण्यात करमरकरांचा घोडा लोकांसमोर आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये तारांचा नमुना बनत होता. एका कामामागे संस्थानचे बळ होते, लोकांच्या मनात ठसलेली प्रतिमा होती आणि ती जिवंत करणारा समर्थ हात होता. दुसऱ्यामागे यांतील फक्त शेवटची गोष्ट होती. दोन्ही शिल्पे एका तराजूत तोलण्याचे कारण नाही. राजाच्या स्मारकात लोकांना जे ओळखता यावे लागते ते कवीच्या स्मारकात ओळखता यावेच लागते काय, एवढाच प्रश्न या योगायोगातून मनात येतो.

पिकासोच्या आधीही

पॅरिसमध्येच याआधी ऑग्यूस्त रोदँ या शिल्पकाराला हाच अनुभव आला होता. व्हिक्टर ह्यूगो हा कवी १८८५ मध्ये वारला. तो हयात असता रोदँला समोर बसून पुतळा करू देण्यास तयार नव्हता. तेव्हा घरात वावरणाऱ्या कवीची रेखाटने शिल्पकाराने सिगारेटच्या कागदाच्या चिटोऱ्यांवर केली आणि व्हरांड्यात ठेवलेल्या मातीपाशी धावत जाऊन अर्धपुतळा घडविला. १८८९ मध्ये पँथिऑन या राष्ट्रीय समाधिमंदिरासाठी ह्यूगोचे स्मारक करण्याचे काम त्याला मिळाले. त्याने कवीला खडकावर बसविले, अंगावरचे वस्त्र उतरविले आणि भोवती काव्यदेवता उभ्या केल्या. १८९० मध्ये ती कल्पना नाकारण्यात आली. समोरच्या बाजूला दुसऱ्या शिल्पकाराचा मिराबोचा पुतळा उभा राहणार होता, त्याशी बसलेला ह्यूगो जुळेना, हे त्यामागील एक कारण. रोदँने पँथिऑनसाठी दुसरा, उभ्या ह्यूगोचा आराखडा आरंभिला. तो तडीस गेला नाही. पहिल्या कल्पनेतील एकटा ह्यूगो संगमरवरात १९०९ मध्ये पाले-रोयाल बागेत बसविला गेला आणि १९३३ मध्ये तेथून हलविण्यात आला. देवतांसह ब्राँझची प्रत पॅरिसच्या रस्त्यावर आली ती १९६४ साली. तोवर शिल्पकाराला जाऊन ४७ वर्षे झाली होती.

कवी बोदलेरच्या स्मारकासाठीही १८९२ मध्ये समिती स्थापन होऊन रोदँची निवड झाली. पण त्यातून एक मस्तक तेवढे झाले. स्मारक दुसऱ्याच शिल्पकाराने केले आणि ते १९०२ मध्ये माँपार्नास दफनभूमीत उभे राहिले. एका अर्थाने कवींची स्मारके रखडण्याची तेथे परंपराच होती असे दिसते.

लहान नमुना आणि मोठे काम

आपल्या राज्यात सार्वजनिक जागी पुतळा उभारण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक असते. जागेची मालकी, वाहतुकीला अडथळा न होणे, देखभालीची हमी या बाबींसोबत मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या सदस्यांना ही कार्यपद्धती ठाऊक असते, पण मातीचा नमुना म्हणजे नेमके काय आणि त्याला मान्यता मिळाल्याने काय सिद्ध होते, याची कल्पना पुष्कळदा नसते.

शिल्पकार प्रथम हातभर उंचीचा नमुना करतो. त्यात विचार असतो. त्यानंतर लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर शाडूची माती चढवून मोठी प्रतिकृती होते, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढला जातो, साच्यात मेणाचा थर, मेणाबाहेर उष्णता सोसणारे आवरण, मग मेण वितळवून त्या जागी धातूचा रस. मधल्या प्रत्येक पायरीवर काही तरी बदलते. आकार वाढविताना तर गणितच बदलते. दोन फुटांचा नमुना वीस फूट केला म्हणजे तो दहापट झाला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याचा पृष्ठभाग शंभरपट होतो, म्हणून वाऱ्याला अडणारे क्षेत्र शंभरपट होते. तो भरीव असता तर वजन हजारपट झाले असते. पुतळे पोकळ ओततात ते यासाठीच. आणि मग आतील सांगाड्याची, जोडांची व गंज टाळण्याची जबाबदारी शिल्पकाराची एकट्याची न राहता बांधकामाच्या अभियंत्याचीही होते. मालवण येथील राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला सुमारे ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, ही गोष्ट त्यानंतर लोकांना कळली. नमुन्याची मान्यता ही रूपाची मान्यता असते. उंचीची आणि वाऱ्याची परीक्षा तिच्यात होत नाही.

पिकासोच्या तारांच्या नमुन्यालाही हे लागू होतेच. अर्ध्या मीटरच्या तारा जशाच्या तशा चार मीटर केल्या तर त्या स्वतःच्या भाराने वाकतील. तो नमुना शेवटी मोठ्या आकारात झाला, १९६२ मध्ये एकदा आणि १९७२ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी जवळजवळ चार मीटर उंचीची आकृती विशिष्ट प्रकारच्या पोलादात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयासाठी करण्यात आली. ती कवीच्या कबरीपासून समुद्रापलीकडे आहे आणि तिच्याकडे पाहणाऱ्या बहुतेकांना तिचा कवीशी असलेला संबंध फलक वाचल्याखेरीज कळत नाही.

शब्दांचे स्मारक

महाराष्ट्रात कवीच्या स्मारकाची वेगळी वाट चोखाळली गेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या केशवसुतांच्या जन्मगावी कोकण मराठी साहित्य परिषदेने, मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने, त्यांचे राहते घर जतन केले आणि आवारात त्यांच्या कविता शिलांवर कोरून उभ्या केल्या. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. देहू येथील गाथा मंदिरात तुकोबांचे अभंग संगमरवरी भिंतींवर कोरले आहेत. पन्हाळ्यावर मोरोपंतांच्या नावाने ग्रंथालय आहे. या तिन्ही ठिकाणी स्मारकाचा मुख्य भार चेहऱ्यावर न ठेवता अक्षरांवर आणि वाचनावर ठेवलेला आहे. अपोलिनेरच्या कबरीवरील दगडावर हृदयाच्या आकाराची कविता कोरणाऱ्या फेरानेही शेवटी हेच केले होते.

म्हणून शिल्पकाराचे काम उरत नाही असे मात्र नव्हे. अक्षरे कोठे आणि कोणत्या दगडावर कोरावीत, वाचणारा उन्हात उभा राहील की सावलीत बसेल, मुलांच्या उंचीला ती दिसतील काय, हे सारे शिल्पकाराचे प्रश्न आहेत. एखाद्या गावाला आपल्या कवीचे स्मारक करावयाचे असेल, तर पुतळ्याची उंची ठरविण्याआधी शिल्पकाराला कवितासंग्रह वाचावयास द्यावा. ही सूचना बाळबोध वाटेल, पण ठरावांच्या मसुद्यांतून फुटांचा उल्लेख जितका आढळतो तितका कवितेचा आढळत नाही. समितीला काय नको आहे, हेही आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. सात-आठ वर्षे वाट पाहून मग नकार देण्यात कोणाचेच हित नसते. स्पर्धेत न निवडलेल्या नमुन्यांनाही काही मानधन देऊन त्यांची छायाचित्रे व मोजमापे दप्तरी ठेवण्याची प्रथा पाडली, तर तिला फार खर्च येणार नाही.

नमुने टिकतात ते कोणी तरी ते जपल्यामुळे. अलिबागजवळील सासवणे येथे करमरकरांच्या राहत्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे, म्हणून त्यांची लहानमोठी कामे आज पाहता येतात. प्लास्टरचे नमुने मात्र ओल धरतात, कडा झडतात. कार्यशाळेची जागा लागली की पहिल्यांदा तेच बाहेर पडतात. त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते, कारण देयक निघते ते ओतलेल्या पुतळ्याचे. जिल्ह्यातील कलाशिक्षकांनी मुलांना घेऊन जवळच्या शिल्पकाराची किंवा मूर्तिकाराची कार्यशाळा एकदा पाहिली आणि तेथील नमुन्यांची साधी यादी केली, तरी शाळेच्या एका सत्राचा तो उत्तम उपक्रम होईल.

पिकासोने तारांचे आपले नमुने अखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवले. ८ एप्रिल १९७३ रोजी तो वारल्यावर वारसांनी वारसा कराच्या रकमेऐवजी त्याच्या कलाकृती फ्रेंच शासनाला दिल्या. त्यांतून पॅरिसमध्ये त्याच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले आणि १९८५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. समितीने परत पाठविलेले ते अर्ध्या मीटरचे नमुने आज तेथे आहेत.